मुदतीत हरकत आली नाही

आमच्या समितीचा सचिव माणूस चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला नावं ठेवाल. मीही ठेवली आहेत. पंधरा वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून मी मसुदे लिहिते, तेवढा हक्क मला आहे.

आमचं काम थोडक्यात असं. एखाद्या मोठ्या ऑफिसात पाच कंपन्यांचे शेकडो कॉम्प्युटर असतात आणि प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. पंखा बंद पडला, मशीन तापलं, हे प्रत्येक जण आपापल्या भाषेत सांगणार. सांभाळणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. म्हणून सगळ्यांसाठी एकच नियमावली लिहायची आणि ती कुणालाही वापरायला खुली ठेवायची. ऐकायला सोपं आहे. पण पाच कंपन्यांची माणसं एका खोलीत बसली की 'बंद' म्हणावं की 'थांबलेलं', यावर अख्खी सकाळ जाते.

या घोळातून काम पुढे रेटलं ते सचिवानं, एका नियमाच्या जोरावर. मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि तीस दिवस थांबायचं. लेखी हरकत आली तर चर्चा, नाही आली तर मान्य. आम्ही सचिवाला 'मुदतवाले' म्हणायचो. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या सुरुवातीला चार मसुदे अडून पडले होते, त्यातले तीन सहा महिन्यांत मार्गी लागले. 'मुदतीत हरकत आली नाही' हे वाक्य मीच तीनदा टाइप केलं.

घरी त्याची थोरली बहीण होती. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा. ताईनं त्याचं सगळं केलं, त्यात तिचं लग्न राहून गेलं, आणि पुढे ती त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहिली. आता सून बाळंत व्हायची होती, खोली हवी होती. एका रविवारी जेवताना त्यानं ताईला सांगितलं की शहराबाहेर एक चांगला वृद्धाश्रम आहे, बाग आहे, डॉक्टर आहेत. मग विचारलं, तुझी काही हरकत नाही ना? ताई काहीच बोलली नाही. ताटं उचलून आत गेली.

आणि हा बाबा महिनाभर थांबला. खरंच थांबला. मग एके दुपारी डबा खाताना मला म्हणाला, "ताई एका शब्दानं 'नको' म्हणाली नाही. म्हणजे तिला मान्य आहे."

अहो, घरात असं नसतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या संसारात नाक कशाला खुपसा, म्हणून मी डब्यात बघत राहिले. माझं गप्प बसणंही त्यानं जमेस धरलं असणार. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात त्यानं ताईला तिकडे पोचवलं. महिन्याभरात नात झाली. इकडे कामाची नुसती भरभराट. चाचणीच्या दिवशी पाचही कंपन्यांची मशिनं एका पडद्यावर एकाच भाषेत बोलली, तेव्हा आमच्यातल्या अगदी रुक्ष माणसांनीही टाळ्या वाजवल्या. ही बातमी घेऊन तो रविवारी ताईकडे गेला आणि सोमवारी चेहरा पाडून कामावर आला. तिनं सगळं कौतुकानं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाली होती, "तू विचारलंस ना, तेव्हा मला वाटलं, तू पुन्हा एकदा विचारशील."

हे ती रागानं बोलली नव्हती, असं तो सांगत होता. राग असता तर बरं झालं असतं.

चौथ्या मसुद्याच्या बैठकीत त्यानं नियमात एक ओळ घालून घेतली. मुदत संपल्यावर, जे गप्प आहेत त्या प्रत्येकाला पुन्हा विचारावं. काम लांबेल म्हणून अध्यक्ष वैतागले, आणि लांबलंच. दुसऱ्यांदा विचारल्यावर एका लहानशा कंपनीच्या इंजिनिअरनं अकरा पानं हरकती पाठवल्या, आणि त्यातली एकही चुकीची नव्हती. वर्षाच्या अहवालात चौथा मसुदा 'अपूर्ण' म्हणून गेला.

अहवाल छापायला गेला त्या आठवड्यात तो मला म्हणाला, रविवारी सोबत चल, एकट्याला जमायचं नाही. आम्ही बसनं गेलो. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, मी समजले होते त्याहून खूपच लहानखुरी. त्यानं तिचा हात हातात घेतला.

"ताई, घरी चल. यायचंय का तुला? नीट सांग."

 मग अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "माझ्या खोलीत आता कोण असतं?"

तिथं नातीचा पाळणा होता, सुनेचं कपाट होतं. तिला ते ठाऊक होतं.  मी मनातल्या मनात ओरडत होते, बोला हो, काहीतरी बोला, बाहेरच्या खोलीत झोप म्हणा, माझ्या खोलीत झोप म्हणा. तो बोलला नाही, आणि मीही बोलले नाही.

ताईनं बराच वेळ वाट पाहिली. मग हात सोडवून घेतला, शाल गुडघ्यांवर ओढली, आणि आमची परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं.