मेलेल्या नायकाचं गोत्र

आमच्या घरातला एक माणूस कधी जन्मालाच आला नव्हता, तरी त्याच्या मरणामुळे माझ्या मुलीचा साखरपुडा लांबणीवर पडायची वेळ आली.

होणारा जावई श्रीनिवास रविवारी चेन्नईहून कुंभकोणमला, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून जुनी मराठी बोलणाऱ्या आमच्या घरी आला. साखरपुडा गुरुवारी. त्याला त्या कल्पित साहसांच्या खेळाचं वेड: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, फासे टाकायचे आणि एकाने कथा चालवायची. मीही दोन वर्षं या खेळाच्या नियमांची जाडजूड पुस्तकं पाठ केलेली (नोकरीतल्या परीक्षांना एवढा अभ्यास केला असता तर आज मॅनेजर असतो). म्हटलं, जावयावर छाप पाडावी.

"पात्रांना परदेशी नावं नकोत," मी सल्ला दिला. "आपल्या घरातलं नाव, गोत्र, सूत्र, सगळं लिहा. पात्र जिवंत होतं." सल्ला अगदी नवा होता. आजवर कुणी तो का दिला नव्हता, ते तासाभरात कळलं.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या काकींनी मन लावून लिहिलं: माधवराव, खाली आमचं आडनाव, काश्यप गोत्र, आश्वलायन सूत्र. मग माधवराव तलवार उपसून कावेरीतल्या राक्षसी मगरीवर चालून गेले. काकींनी तीनदा फासा टाकला. तिन्ही वेळा एक, म्हणजे सपशेल हार!

"नियमाप्रमाणे माधवराव मेले," मी जाहीर केलं.

"मामा, थोडं सैल सोडा की," श्रीनिवास म्हणाला.

"माझ्या खेळात मेलेला उठत नाही." (छाप पाडायची होती ना.)

काकी उठल्या आणि त्यांनी देवघराचं दार ओढून घेतलं. "सरि, बरें तर. दहा दिवस सुतक. सगळे स्नान करा."

"काकी, तो कागदावरचा माणूस आहे."

"कागदावर गोत्र लिहायास कोणी सांगितलें? तूंच कीं नाही?"

"अप्पा, मग गुरुवारचं काय?" माझ्या मुलीने, सुधाने विचारलं. तिचा आवाज मला आवडला नाही.

आमच्या पुरोहितांना, म्हणजे वाध्यारांना, फोन केला. ते हसतील आणि विषय संपेल असा माझा हिशोब. वाध्यार दारासुरम्‌हून स्कूटरवर आले, चष्मा लावून कागद वाचला आणि अजिबात हसले नाहीत.

"नांव आहे, गोत्र आहे, सूत्र आहे. तर्पणास आणखीं काय हवें?"

"मग मी त्याला जिवंत करतो." माझे नियम एव्हाना मगरीबरोबर वाहून गेले होते.

"मेला म्हणोन ठरलेला परत आला, तर पुन्हा जन्मला असें धरावें. बारसें, मुंज, सर्व पहिल्यापासोन. जन्माचें सोयर दहा दिवस."

मेला तरी दहा, उठला तरी दहा. "दत्तक देतो," मी म्हणालो, "श्रीनिवासच्या घरी, मागच्या तारखेने."

"मग सुतक आम्हाला," श्रीनिवास म्हणाला आणि मोबाईलवर चेन्नईच्या गाड्या बघू लागला. सुधाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. लोक मुलीच्या लग्नासाठी जमीन विकतात, मी नियमावलीसाठी लग्न घालवत होतो.

सुधानेच डोळे पुसून विचारलं, "वाध्यार, माधवरावांनी आधी संन्यास घेतला असता तर?"

वाध्यारांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. "संन्याशास गोत्र नाही. त्याचें सुतक कोणास नाही."

"पण संन्यासी तलवार घेऊन मगरीवर कशाला जाईल? नियमात तर..."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने कागदावर 'संन्यासी' लिहिलं. काकींनी देवघर उघडलं.

गुरुवारी साखरपुडा झाला. आता श्रीनिवास आला की खेळ होतो, आणि तो वाध्यार चालवतात. त्यांना माझ्यापेक्षा जास्त नियम येतात आणि प्रत्येकातून पळवाटही. मला त्यांनी सामान वाहणाऱ्या गाढवाचं पात्र दिलंय. पहिल्या दिवशी मी कागद पुढे ओढून विचारलं, "काकी, गोत्र काय लिहू?"

"गाढवास गोत्र कसलें?" काकी फासे खुळखुळवत म्हणाल्या. "तूं केव्हांही मर. कोणास स्नान नको."