टेलेक्सवर आलेलं लंगडं बदक

रत्नप्रभा परुळेकर आमच्या कारखान्यात टेलेक्स ऑपरेटर होती. कारखाना मरोळला, मालक लंडनचे, आणि मी, जयवंत, खाली मशीन शॉपमध्ये टर्नर. ऑफिसातल्या मुली आमच्याकडे ढुंकूनही बघत नसत. रत्नप्रभा बघायची, पण त्यात खूश होण्यासारखं काही नव्हतं. ती भिंतीकडेही तशीच बघायची.

तिच्या घरी, दहिसरच्या चाळीत, गिरणीचा संपकरी बाप बसून होता. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा महिन्याभरात मिटेल म्हणून त्याने आपला डबा घासून फळीवर ठेवला. डबा तिथेच राहिला. रोज संध्याकाळी रत्नप्रभा घरात शिरली की तो विचारायचा, गिरणी चालू होणार असं काही कानावर आलं का गं? ती म्हणायची, होणार म्हणतात, आणि चहा टाकायची. हे तिनेच मला सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, आज भेंडीत मीठ जास्त पडलंय हे सांगावं तशा आवाजात. लग्नाचं वय उलटून चाललं होतं, त्याचंही तिला काही वाटेनासं झालं होतं.

एका गोष्टीत मात्र तिचा जीव रमायचा. लंडनचे साहेब टेलेक्समध्ये धड सरळ काही लिहीत नसत, मध्येच कुठलं तरी जनावर घुसडायचे. त्याचा उलगडा व्हावा म्हणून तिने बोरिवलीच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड, कव्हर फाटलेलं पुस्तक आणलं होतं. इंग्रजांच्या असल्या बोलण्याचा अर्थ काय आणि ते आलं कुठून, हे सगळं त्यात होतं. आम्ही विचारायचो, ती सांगायची.

रेड हेरिंग म्हणजे त्यांच्याकडचा एक मासा. मीठ लावून धुरावर धरला की तांबडा होतो आणि असा घमघमतो, की शिकारी कुत्री म्हणे माग सोडून भलतीकडेच धावतात. म्हणून मुद्द्यावरून लक्ष उडवायला जे मध्ये आणतात, ते रेड हेरिंग. मी म्हटलं, म्हणजे आपला सुका बोंबील. ती हसली नाही, पण पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने 'बोंबील' लिहून ठेवलं. हेअर ऑफ द डॉग तर आमच्या शॉपमध्ये फारच चाललं. कुत्रा चावला तर त्याच कुत्र्याचे केस जखमेवर लावायचे, असा तिकडे जुना उपाय होता. त्यावरून, रात्रीची उतरवायला सकाळी पुन्हा घेतात त्या घोटाला हे नाव पडलं. पुढे कित्येक सोमवारी निम्मं शॉप कुत्र्याचे केस शोधत कामावर यायचं.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये नोटीस लागली. नाशिकच्या नव्या प्लांटला वीस माणसं हवीत, जायचं असेल त्यांनी शनिवारपर्यंत नाव द्यावं. मरोळचं पुढे काय, यावर अवाक्षर नाही. माझ्या शेजारच्या मशीनवर धोंडिराम होता, सोलापूरकडच्या खेड्यातला, राहायला गोवंडीत. त्याने पहिल्याच दिवशी नाव देऊन टाकलं. मला जायचं नव्हतं. विमलाची, म्हणजे माझ्या बायकोची, घाटकोपरला शाळेत नोकरी होती. आणि खरं सांगायचं तर धोंडिराम गेला की मी एकटा पडणार होतो. आठ वर्षं आम्ही एका डब्यात जेवत होतो.

गुरुवारी दशरथ प्यून धावत खाली आला. लंडनचा टेलेक्स आलाय, म्हणाला, त्यात मरोळला 'लेम डक' म्हटलंय. लंगडं बदक एवढं आम्हालाही कळलं. त्यापुढचं विचारायला शॉपने मला वर पाठवलं.

रत्नप्रभा कागद फाडून फायलीला लावत होती. मी विचारलं, हे लेम डक आलं कुठून? तिने पुस्तक उघडलं नाही, तोंडपाठ सांगितलं. दोनेकशे वर्षांपूर्वी लंडनच्या शेअरबाजारात ज्याचं दिवाळं निघायचं तो मान खाली घालून, बदकासारखा लंगडत बाजाराच्या गल्लीबाहेर पडायचा. म्हणून तो लेम डक. मग तिने त्याच बाजारातल्या अस्वलाचं सांगितलं, अस्वल मारण्याआधीच त्याचं कातडं विकणाऱ्यांचं. मग बैलाचं. दहा मिनिटं ती बोलत होती, एवढी ती कधी बोलत नसे. मी मान डोलावत ऐकलं. आपलं पुढे काय, हे काही मी विचारलं नाही.

खाली येऊन मी सांगितलं, की लंगडं आहे, मेलेलं नाही. लंगडत का होईना, चालतंय ना? औषधपाणी करतील. सगळ्यांना ते पटलं, कारण सगळ्यांना ते पटवूनच घ्यायचं होतं. शनिवारी मी धोंडिरामला म्हटलं, नाव खोड, राहू या इथंच. तो ऑफिसात जाऊन नाव खोडून आला.

डिसेंबरात गेटला टाळं लागलं. माझा स्वभाव तापट. मला वाटलं होतं मी दगड तरी मारीन. काहीच झालं नाही. मी समोरच्या गाडीवर उसाचा रस प्यायलो आणि घरी जाऊन झोपलो.

रत्नप्रभाला कंपनीने फोर्टच्या ऑफिसात घेतलं. हे कळल्यावर मात्र माझं डोकं फिरलं, आणि एका रविवारी मी दहिसरला जाऊन थडकलो. बाप आत पेपर वाचत होता. ती बाहेर गॅलरीत आली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो. लेम डक म्हणजे ज्याच्यावर आता कुणी पैसा घालणार नाही ते. बंद करायचं ठरलंच होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाहेर काही बोलणार नाही म्हणून सही दिली होती मी. आणि तू अर्थ विचारलास कुठे, जयवंत? आलं कुठून, ते विचारलंस. अर्थ विचारला असतास तर मला खोटं बोलावं लागलं असतं. ते मी घरी रोज बोलते. आणखी एका ठिकाणी नको वाटलं."

चहा घेतोस का, म्हणाली. नको म्हटलं.

तिथून तडक गोवंडीला गेलो. धोंडिराम एका गोदामावर वॉचमन झाला होता. तिच्या नावाने बोटं मोडत मी त्याला सगळं सांगितलं, टेलेक्स, बदक, अस्वल, फोर्टची नोकरी. तो शेवटपर्यंत ऐकत होता.

"तिला कशाला शिव्या देतो?" तो म्हणाला. "मला तवाच कळलं हुतं. आमच्याकडं लंगडं जनावर कुणी दारात ठेवत न्हाई, बाजार दाखवत्यात. त्याला काय इंग्रजी लागतंय?"

"मग नाव का खोडलंस?"

"तू म्हणालास, राहू या."