हौशीरामच्या जीपला विंच

वृषाली जीप घेऊन आली तेव्हा कासमभाई एका ट्रॉलीखाली उताणे पडून काम करत होते. माझं खताचं दुकान त्यांच्या गॅरेजसमोरच आहे, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. इंजिनाचा आवाज कानावर आला आणि त्यांचा हात थांबला. पाना छातीवर ठेवून ते नुसते ऐकत राहिले. मग सरकत बाहेर आले, बाहीनं कपाळ पुसलं आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "हौशीची गाडी."

हौशीराम येडगावचे. धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांची जमीन. ते जाऊन दोन पावसाळे झाले होते आणि तेव्हापासून जीप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. वृषाली त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरी करायची. वडील गेल्यावर आईला एकटं ठेववेना, म्हणून घरी आली आणि शेतीच बघू लागली. तिनं कुणाकुणाला विचारून बॅटरी टाकली, कार्बोरेटर साफ करून घेतला आणि गाडी नारायणगावापर्यंत चालवत आणली. मागच्या बाजूला एक जड खोकं होतं. त्यात विंच होता. बॅटरीवर फिरणारा रहाटच म्हणा. त्याला पोलादी दोर गुंडाळलेला असतो आणि बटण दाबलं की तो मोठालं वजन ओढून आणतो.

"काका, हा म्होरं बंपरवर बसवायचाय," ती म्हणाली.

कशासाठी, ते कासमभाईंनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. येडगावच्या काठावर ज्यांच्या पाण्याच्या मोटारी आहेत, त्यांना वर्षभर एक काम सुटत नाही. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की धरणाचं पाणी उतरतं, मग मोटार बसवलेला चाकांचा लोखंडी गाडा पाण्यामागं खाली न्यायचा. वरच्या धरणांतून पाणी आलं की तोच गाडा घाईनं वर ओढायचा. मागल्या वर्षी पाणी अचानक चढलं आणि वृषालीची मोटार बुडाली. पूर्वी असं होत नसे. निरोप फिरला की भावकीतले, शेजारचे, वस्तीवरचे गडी गोळा व्हायचे, जाड दोर खांद्यावर घ्यायचे आणि हा हा म्हणता गाडा वर यायचा. नंतर प्रयागबाई, म्हणजे हौशीरामांची बायको, सगळ्यांना कांदाभजी आणि चहा द्यायच्या. कासमभाईही कित्येकदा त्या दोराला असायचे. गॅरेज बंद करून जायचे. आता त्या घरांतली पोरं चाकणला कंपन्यांत आहेत, कुणी पुण्यात आहेत. घरी म्हातारी माणसं. मागल्या वर्षी वृषालीनं फोन लावले तर जो तो म्हणाला, रविवारी येतो. पाणी काही रविवारपर्यंत थांबलं नाही.

कासमभाई जीपभोवती एक फेरी मारून आले. ही जीप म्हणजे त्यांची आणि हौशीरामांची दोस्ती. त्याआधी दोघांची नुसती तोंडओळख होती. कासमभाईंचे वडील जुन्नरात बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. गाड्या कमी झाल्या तसं कासमभाईंनी नारायणगावात येऊन गॅरेज टाकलं. नवंच होतं, गिऱ्हाईक फारसं नव्हतं. एक दिवस हौशीराम आले आणि म्हणाले, खडकीला लष्कराच्या जुन्या जीप लिलावात निघाल्यात, बघायला येतो का? दोघं गेले. घेतलेली जीप चालू होईना. मग एका टेम्पोच्या मागं दोर बांधून ती ओढत आणली. स्टिअरिंगवर कासमभाई, टेम्पोत हौशीराम. जीपला ब्रेक नव्हता. तेव्हा खेड घाटातून जुना रस्ता होता. उतार लागला की जीप टेम्पोवर धावून जायची आणि हौशीराम मागच्या फळीवरून पाय लांब करून तिला थोपवायचे. कासमभाई ही गोष्ट सांगताना अजूनही हसून हसून डोळे पुसतात. कळंबला चहाला थांबले तेव्हा हौशीरामांच्या चपलेचा तळ उरला नव्हता. पुढं ते अनवाणीच आले, पण टेम्पोवाल्याला ऐटीत सांगत होते की गाडी माझी आहे.

कासमभाईंनी ती गाडी सुटी करून पुन्हा जोडली. त्यात पावसाळा गेला. समोरचा बंपर दोघांनी मिळून बनवला, बोअरच्या जुन्या केसिंग पाइपचा. हौशीराम पाइप धरायचे आणि कासमभाई वेल्डिंग मारायचे. त्या जीपमधून टोमॅटोची क्रेटं मार्केटला आली, खतं गेली, आजारी माणसं दवाखान्यात गेली. कासमभाईंच्या मुलीचं, अर्शियाचं लग्न झालं तेव्हा पाठवणीला भाड्याची कार ठरवली होती. हौशीराम पहाटेच आपल्या शेतातला झेंडू लावून जीप सजवून घेऊन आले आणि म्हणाले, लेक आपल्या गाडीतनं जाईल. ठरवलेली कार मागं रिकामी गेली. अर्शिया आजही माहेरी आली की येडगावला जाऊन प्रयागबाईंना भेटते.

तर कासमभाईंनी बंपर हातानं हलवून पाहिला, खाली वाकून बोल्ट पाहिले आणि वृषालीला समजावून सांगितलं. हा बंपर दिसायला दांडगा आहे, पण तो चार बोल्टांवर टांगलेला आहे. त्याला विंच बांधला आणि गाळात रुतलेला गाडा ओढला तर गाडा जागच्या जागी राहील आणि बंपर उपटून येईल. विंचाचा जोर चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर यायला हवा. त्यासाठी जाड लोखंडी चॅनेल चेसिसच्या दोन्ही दांड्यांना धरून बसवायचं, त्यावर विंच. आणि विंचाचं तोंड बाहेर यायला बंपरचा मधला पाइप कापावा लागेल.

"मग कापा की," वृषाली म्हणाली.

त्यांनी होकार दिला. पण दुसऱ्या दिवशी जीप तशीच उभी. चॅनेल कापून, भोकं पाडून, घासून तयार ठेवलं होतं. बॅटरी मोठी आणली, जुन्या डायनामोच्या जागी आल्टरनेटर चढवला. विंचाच्या वजनानं नाक खाली जाऊ नये म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवला. सगळं झालं, बंपर तेवढा राहिला. मी विचारलं तर म्हणाले, ग्राइंडरची चकती आणायचीय. चकत्या त्यांच्या फळीवर होत्या. 

बहुधा वृषालीनं घरी सांगितलं असावं, कारण पुढच्या सकाळी प्रयागबाई तिच्याबरोबर आल्या. कासमभाईंनी घाईनं स्टूल पुसून दिलं, मला चहा सांगायला लावला. बाई बसल्या नाहीत. जीपपाशी गेल्या आणि बंपरच्या मधल्या पाइपवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तिथला रंग उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं. हौशीराम शेतात भाकरी खायचे ते त्या पाइपवर बसून. बांधावर सावली असली तरी तिथंच.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमच्यानं कापवंना व्हय?"

कासमभाई खाली बघत म्हणाले, "न्हाई कापवत, वैनी. दुसरा बंपर करून देतो. ह्यो घरी ठिवा."

"घरी ठिवून काय करू? मोटार बुडाली त्या दिशी मी काठावर उभी व्हते. मनात आलं, हे असते तर पाण्यात उतरले असते. ही पोर उतरली. गळ्याइतक्या पाण्यात." त्यांनी पाइपवरचा हात काढून घेतला. "तिला परत उतरू द्यायची न्हाई मला. कापा."

मग त्या स्टुलावर बसल्या आणि पाइप कापून होईपर्यंत बसून राहिल्या. ठिणग्या उडत होत्या तरी मागं सरकल्या नाहीत. कासमभाईंनी पाइपची कापलेली टोकं घासून बंद केली, चॅनेल चेसिसला बसवलं, प्रत्येक बोल्ट आधी स्वतः आवळला आणि मग वृषालीलाही आवळायला लावला, म्हणजे पुढं ढिला झाला तर तिला कळावा. वायरी बॅटरीपर्यंत नीट बांधून नेल्या. संध्याकाळपर्यंत कापलेला बंपर विंचाच्या दोन्ही बाजूंनी पुन्हा जागेवर बसला होता. आता त्याच्यावर कसला भार नव्हता.

जुलैत पाऊस धरून राहिला आणि वरून पाणी सोडणार असल्याचा निरोप आला. वृषालीचा फोन आला तेव्हा कासमभाईंनी हातातलं काम ठेवलं आणि मला म्हणाले, मोटारसायकल काढ राव. आम्ही पोचलो तोवर वृषालीनं लाइट बंद करून मोटारीचा पाइप सोडवून ठेवला होता. जीप काठावर पाण्याकडं तोंड करून उभी होती. कासमभाईंनी चाकांखाली दगड लावले, विंचाचा दोर खाली नेऊन गाड्याच्या कडीत अडकवला, दोरावर ओलं पोतं टाकलं, म्हणजे तुटलाच तर उसळून कुणाला लागायला नको. वृषालीनं बटण दाबलं.

दोर ताणला गेला. गाडा हलला नाही. जीपच हळूहळू पाण्याकडं घसरायला लागली, दगडांसकट. कासमभाई ओरडले, तिनं बटण सोडलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ओल्या मातीचा विचार त्यांनी केला नव्हता. मग साखळी आणून जीपची मागची बाजू करंजाच्या बुंध्याला बांधली. पुन्हा बटण दाबलं. आता जीप हलेना आणि गाडाही हलेना. चाकं गाळात पार बुडाली होती.

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून चिमाजीबाबा आले. ऐंशीच्या घरातले, हातात काठी. त्यांच्यामागं आणखी दोघं-तिघं, सगळे पिकल्या केसांचे. निरोप कुणी दिला नव्हता, त्यांनी जीपचा आवाज ऐकला होता. बाबांनी गाड्याकडं पाहिलं आणि पहारी आणायला सांगितल्या. कासमभाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाळात उतरले, मी उतरलो, ती माणसंही उतरली. आम्ही ताणलेल्या दोरापासून बाजूला राहून चाकांखाली पहारी घातल्या. बाबा काठावर उभे राहिले. पूर्वी दोर ओढताना आरोळी द्यायचा मान त्यांचाच असायचा, आणि त्यांची आरोळी सगळ्या काठाला माहीत होती. ते देवाचं नाव घेत नसत. प्रत्येक गड्याच्या सासूला हाक मारायचे, तिच्या गावाच्या नावानं. ज्याची सासू त्यानं जास्त जोर लावायचा.

"ओतूरच्या सासूबाई!" बाबांनी हाक दिली. आवाज थरथरत होता, पण पाण्यावरून लांब गेला. ओतूरचे जावई पहारीवर वाकले. "बेल्ह्याच्या सासूबाई!" दुसरे वाकले. मग बाबांनी कासमभाईंकडं पाहिलं. "मंचरच्या सासूबाई!"

कासमभाईंनी अंगातला सगळा जोर पहारीवर टाकला. वर वृषालीनं बटण दाबलेलंच होतं. गाळातून पच्च असा आवाज आला, चाक सुटलं आणि गाडा एकदम वर सरकला. मग तो थांबला नाही. दोर रहाटावर गुंडाळत गेला आणि मोटार डुलत डुलत काठावर आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चिमाजीबाबा तेवढे म्हणाले, "मशीन चांगलंय. पर आरोळी देत न्हाई."

प्रयागबाईंनी भजी तळली होती. आम्ही गाळानं भरलेलेच ओसरीवर बसून खाल्ली. कोण कोण असायचं याची नावं निघाली. कोण वारलं, कोण कुठं गेलं. कासमभाई दोनदा उठून पाणी कुठवर आलंय ते बघून आले. दुपारनंतर पाणी मोटारीच्या जुन्या जागेवरून पुढं गेलं. ते पाहून ते जायला निघाले.

हल्ली वृषालीला काठावरचे बाकीचे शेतकरीही बोलावतात. ती जाते, आणि शेजारच्या सीटवर चिमाजीबाबांना बसवून नेते. चाकणला असणाऱ्या पोरांपैकी एक-दोघं सुट्टी असली की मुद्दाम येतात, बघायला म्हणून. आले की त्यांच्या हाती पहार दिली जाते.

गाडा वर काढला त्या दिवशी मी कासमभाईंना घरी सोडलं तेव्हा त्यांच्या बायको, दिलशादभाभी, दारातच होत्या. कासमभाईंच्या कपड्यांचा अवतार बघून भाभींनी आधी बोलून घेतलं, ह्या वयात गाळात कशाला उतरलात म्हणून. मग कासमभाईंनी सगळं सांगितलं, सासूबाईंच्या आरोळीसकट. भाभी हसायला लागल्या. म्हणाल्या, माझ्या अम्मीला जाऊन एवढी वर्षं झाली, आणि येडगावची माणसं तिला अजून मोटार ओढायला लावतात. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग बादलीत गरम पाणी ओतत म्हणाल्या, पुढच्या वेळी मला पण घेऊन चला.