फुलपाखराचा पासवर्ड

रक्त तपासणाऱ्या लॅबच्या काउंटरवरच्या बाईंनी पासवर्ड ठेवला होता फ्रेंचमधलं फुलपाखरू. “चोराच्या बापालाही कळायचं नाही,” असा त्यांचा तोरा. कॉम्प्युटरवाला फिसकन हसला. “मावशी, चोरांच्या मशीनला जगातल्या सगळ्या डिक्शनऱ्या तोंडपाठ असतात.”

झालं! बाईंच्या जिवाला घोर लागला. जर्मन फुलपाखरू झालं, जपानी झालं, धाकधूक काही जाईना. शेवटी आठवलं, लेक लहानपणी फुलपाखराला ‘पुक्कापू’ म्हणायची. हा शब्द कुठल्या मेल्या डिक्शनरीत सापडतोय!

तरी चैन पडेना. जेवताना त्यांनी लेकीलाच चाचपून पाहिलं, “पुक्कापू म्हणजे काय गं?”

मोबाइलमधून मान वर न काढता लेक म्हणाली, “कुठल्या भाषेतलं आहे?”

पासवर्ड पक्का होता. बाईंचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला.