शंभराच्या वरचा पाऊस

माझी मावशी नगरपालिकेत अभियंता. नातेवाईक चारचौघांत "बांधकाम खात्यात आहे" असं सांगत. ती लगेच म्हणे, "बांधकाम कसलं? गटारात आहे." समोरच्याचं पडलेलं तोंड पाहायला तिला फार आवडे.

नोकरीला लागली तेव्हा कचेरीच्या गच्चीवरचा पाऊस मोजायचं काम तिच्या गळ्यात पडलं. रोज सकाळी आठला वर जायचं, बाटलीत किती पाणी साठलं ते वहीत लिहायचं. त्या आकड्यांवरून शहरातल्या गटारांची मापं ठरत. साहेब बरेच बदलले, पण भिजायची हौस एकालाही नव्हती, म्हणून तीस वर्षं मावशीच वर जात राहिली.

यंदा आमच्या गल्लीच्या नव्या गटाराचा आराखडा तिच्या टेबलावर आला. आम्ही तळमजल्यावर राहतो, आणि पावसाचं पाणी आमच्याकडे हक्काने येतं. साहेबांनी पाइप जुन्याच मापाचा धरला होता.

मावशी म्हणाली, "हल्ली दिवसाचा पाऊस तासाभरात कोसळतो. हा पाइप पुरायचा नाही."

"मॅडम, वही बघा. शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कधी झालेलाच नाही."

मावशीने वही उघडली. अकरा वेळा नेमके शंभर. एकदाही एकशे एक नाही. पाऊस इतका शिस्तीचा कधीपासून झाला? मग तिने गच्चीवरची बाटली आणून पाहिली. बाटलीच शंभराची होती. ती भरून वाहत असली, की मावशी शंभर लिहून चहाला खाली पळत असे. अक्षर तिचंच.

निवृत्तीला तीन महिने उरले होते. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तिने लिहून दिलं: अकरा नोंदी खोट्या, चूक माझी. साहेबांनी तो कागद पाल उचलावी तसा चिमटीत धरला.

"चौकशी लागेल. आणि खरा आकडा किती होता?"

तो तिला तरी कुठे माहीत होता?

संध्याकाळी तिने वहीसकट आमच्याकडे येऊन आईला सगळं सांगितलं. आईने तिला अशी झापली, की शेजाऱ्यांनी नीट ऐकू यावं म्हणून टीव्ही बंद केला. मग आईने स्वयंपाकघरातलं कपाट भिंतीपासून ओढलं. मागे पेन्सिलीच्या रेघा होत्या, पाणी कुठवर चढलं त्याच्या. प्रत्येकीपुढे तारीख. त्यातल्या सात तारखा वहीतल्या शंभराच्या निघाल्या.

पुढे त्या रेघा पाहूनच पाइप मोठा झाला, चौकशीही रीतसर लागली. पण त्या संध्याकाळी मावशी हातात मोजायची टेप घेऊन फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली.

"ताई, कधी सांगितलं नाहीस गं?"

"दर वेळी फोनवर तू 'बरी आहेस ना?' एवढंच विचारायचीस," आई म्हणाली. "पाणी किती आलं, ते कधी विचारलंसच नाही."