माझं तीस इंचाचं पाऊल

आधी चहा घ्या. गार झाला की मग माझ्या नावानं बोंबलू नका. आणि एक सांगून ठेवतो, मी जो गाढवपणा केला तो ऐकून तुम्ही हसाल. हसा खुशाल! मीसुद्धा हसलो होतो, चांगला पोट धरून हसलो होतो. पण मधे कुणी बोलायचं नाही. मधे बोललेलं मला खपत नाही, पलटणीत असल्यापासूनची खोड आहे ती.

तर मी फौजेत पी.टी.चा हवालदार. पेन्शनीत आलो, कृष्णाकाठचा घरचा चार एकर ऊस बघायला लागलो आणि गावच्या हायस्कुलात कवायतीचा मास्तर म्हणून चिकटलो. गावात सगळे मला हवालदारच म्हणायचे. माझं खरं नाव काय हे मलासुद्धा पगारपत्रकावर बघावं लागायचं!

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. दिवाळीच्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला सांगलीला धाडलं. तिथं धावण्या-उड्यांचे कोच तयार करायचं शिबिर होतं. पहिली पायरी शाळकरी पोरांच्या कोचची, दुसरी जिल्ह्याच्या कोचची, आणि तिसरी एकदम देशातल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या कोचची. प्रत्येक पायरीला परीक्षा आणि सर्टिफिकेट. मी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो.

शिकवायला पंजाबातले एक ग्रेवालसाहेब होते. त्यांचं म्हणणं दोनच गोष्टींचं. रोजची नोंद वहीत करा, आणि मैदान आखताना पोलादी टेप वापरा.

मी हात वर केला. "साब, हमको टेप का काम नहीं. हमारा कदम तीस इंच का है."

"पक्का?"

"साब, अठारा साल फौज में नापा हुआ कदम है. एक सूत इधर का उधर नहीं."

आणि खोटं नव्हतं हो ते! फौजेत पाऊल मोजायची काठी असते. ती पायाशी धरून उस्ताद आमची पावलं मोजायचे. तीस इंच म्हणजे तीस इंच. कमी पडलं तर नडगीवर काठी. अठरा वर्षं तशी चाललेली तंगडी, तिला टेप कशाला?

ग्रेवालसाहेबांनी माझ्याकडं नुसतं बघितलं आणि पुढं गेले. त्यांनी तिथंच माझा कान धरून टेप हातात दिली असती तर! पण माणूस सभ्य होता. सभ्य माणसांनी फार नुकसान केलंय माझं.

शिबिर संपलं. मग काम असं, की प्रत्येकानं आपल्या गावात एक खेळाडू निवडायचा, सहा महिने तयार करायचा, रोजचा टाइम वहीत लिहायचा आणि मे महिन्यात ती वही घेऊन साताऱ्याला परीक्षेला यायचं.

मी गावात आलो आणि शाळेमागच्या माळावर चारशे मीटरचा गोल आखला. पाचशे पंचवीस पावलं. बरोब्बर! मागनं शिपाई फक्की टाकत आला. पांढराशुभ्र गोल बघून माझी छाती फुगली.

खेळाडू निवडली हिरा. अकरावीतली, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची पोर, आमच्या गावातल्या अण्णा गवंड्याची थोरली लेक. काटक, काळी, पायात चप्पल नाही आणि पळायला लागली की जमिनीला पाय लागतोय का नाही अशी शंका यायची. शर्यत घेतली आठशे मीटरची, म्हणजे माझ्या गोलाचे दोन फेरे.

आता खरी गोम ऐका. पुण्याला मुलींचं एक क्रीडा वसतिगृह निघालं होतं. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं फुकट. आठशे मीटर अडीच मिनिटांच्या आत पळणारी मुलगी घेणार होते. दुष्काळामुळं त्या साली आमच्याकडं स्पर्धा झाल्याच नव्हत्या, म्हणून कोचनं सही करून दिलेला टाइम धरणार होते. म्हणजे माझी सही!

अण्णा गवंडी थेट शाळेत आला. अंगावर सिमेंटचे डाग, हातात टोपी.

"हवालदार, आमाला ह्यातलं काय कळत न्हाई. पोर टायमात बसली तर शिकू दे, माझं काय म्हणणं न्हाई. न बसली तर कवठे महांकाळकडचं पाव्हणं बघून गेल्यात, चैतात उरकून टाकतो. तुमी काय ते खरं सांगायचं."

"अण्णा, घड्याळ खोटं बोलत न्हाई," मी म्हणालो. केवढा रुबाब!

पहिल्या दिवशी टाइम आला दोन मिनिटं बावन्न सेकंद. म्हटलं ठीक आहे, सुरुवात आहे. महिन्यानं दोन पंचेचाळीस. संक्रांतीला दोन एक्केचाळीस, पुढं दोन अडतीस. आणि मग गाडी अडली ती अडलीच.

मी काय काय केलं विचारा! तिला पहाटे पळवली, तिन्हीसांजेला पळवली. कमरेला वाळूची पिशवी बांधून पळवली. घरून अंडी नेऊन दिली, तर बायको म्हणाली, "कोंबडी बी तिकडंच न्हेऊन बांधा!" तिची हाताची ढब बदलली, परत होती तशी केली. वाऱ्याला शिव्या दिल्या. घड्याळावर संशय आला म्हणून सांगलीला घड्याळजीकडं नेलं. त्यानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, "घड्याळ उत्तम आहे. बिघाड दुसरीकडं असेल."

केवढं खरं बोलला तो माणूस! मला कळलं असतं तर ना.

गंमत म्हणजे शाळेतली बाकीची पोरंही त्या गोलावर कासवासारखी निघाली. सगळी! मला शंका यायला हवी होती की नाही? आली. मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, "ह्या गावाच्या रक्तातच मंदपणा आहे. गूळ खाऊन सुस्तावलेत सगळे." हेडमास्तर वर्षाला ढेपभर गूळ खायचे, त्यांनी मान खाली घातली.

आणि हिरा? ती कधी कुरकुरली नाही. पळून आली की गुडघ्यावर हात टेकून विचारायची, "किती सर?"

"दोन अडतीस! अजून आठ सेकंद! आळस भरलाय अंगात!"

"उद्या बघू सर," म्हणायची.

दोन अडतीसच्या खाली ती आली नाही. मार्चच्या शेवटी तर पळता पळता उलटी झाली तिला, तरी फेरा पुरा केला. मी म्हटलं, "दम कमी आहे." लिहिलंसुद्धा वहीत, लाल शाईनं!

फॉर्म पाठवायची तारीख आली. हेडमास्तर दार लावून हळूच म्हणाले, "हवालदार, लिहा की दोन एकोणतीस. कोण बघायला येतंय? पोरीचं कल्याण होईल."

मी ताडकन उठलो. "सर, ह्या हातानं खोटी सही होणार नाही!"

काय बाणेदारपणा! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. फॉर्मवर लिहिलं, 'अपात्र'. अण्णाला बोलावून, हेडमास्तर खोटं लिहा म्हणत होते तेही रुबाबात ऐकवून, तोंडावर सांगितलं, "अण्णा, पोरीत तेवढा दम न्हाई."

अण्णानं मान हलवली. "बरं झालं, खरं बोललासा."

चैत्रात लग्न झालं. मी गेलो, आहेर केला, पंगतीत दोनदा भात घेतला. निघताना हिरा पाया पडली. म्हणाली, "मी कमी पडले सर. तुमी लय कष्ट घेतलं." आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "असू दे, असू दे." मोठ्या मनानं माफ केलं तिला! ऐकताय ना?

मे महिन्यात साताऱ्याला परीक्षा. तीस-चाळीस मास्तर जमलेले. ग्रेवालसाहेबांनी मलाच पुढं बोलावलं, "हवालदार, चारसौ मीटर का ट्रॅक लगाओ. अपने कदम से."

मी टेचात चाललो. पाचशे पंचवीस पावलं, खुणेला खूण जुळवून सलाम ठोकला. साहेबांनी दोघांना पोलादी टेप धरायला लावली. ते मोजत गेले, मोजत गेले. मग एकानं आकडा सांगितला. चारशे चाळीस!

"फिर से नापो." पुन्हा चारशे चाळीस.

साहेब माझ्या पायांकडं बघत बसले. तेवढ्यात आमच्यातला वाळव्याकडचा एक मास्तर, पक्का ऊसवाला, मोठ्यांदा हसायला लागला. "आवं हवालदार, ह्ये काय फौजेचं पाऊल हाय व्हय? ह्ये सरीचं पाऊल हाय की! आमी बी असंच चालतो!"

झालं! उसाची सरी, म्हणजे दोन वरंब्यांमधला पाण्याचा चर, दर पावणेतीन फुटांवर. रोज सकाळी शाळेआधी मी रानात फेरी मारायचो, एका वरंब्यावरून दुसऱ्या वरंब्यावर ढांग टाकत. सहा वर्षं! तीस इंचाचं पाऊल तेहतीस इंचाचं कधी झालं मला पत्ता नाही. सगळं मैदान हसलं. ग्रेवालसाहेब हसले. मीसुद्धा हसलो हो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हसता हसता साहेबांनी विचारलं, "गाँव का ट्रॅक भी ऐसे ही नापा था?"

तिथं माझं हसू थांबलं.

साहेबांनी माझी वही उघडली. दोन अडतीस. खिशातनं पेन्सिल काढली आणि हिशोब मांडला. पोर आठशे मीटर पळतच नव्हती. आठशे ऐंशी पळत होती. खरा टाइम दोन तेवीस. अडीच तर सोडाच, सात सेकंद वर राखून.

"लडकी कहाँ है?" साहेबांनी विचारलं.

"साब, शादी हो गयी."

साहेबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. बाकीचे अजून हसत होते, त्यांना काय माहीत!

आठ दिवसांनी मी एस.टी.नं कवठे महांकाळच्या पुढं तिच्या सासरच्या गावी गेलो. फॉर्मची मुदत कधीच गेली होती, पण सांगायला तर हवं होतं. गावात पोहोचलो तर पाण्याचा टँकर आलेला. टँकरचा आवाज झाला तशा घराघरातनं बाया घागरी घेऊन सुटल्या. सगळ्यांच्या पुढं एक. नेसूचा काचा मारलेला, दोन हातांत दोन घागरी, बाकीच्या चाळीस-पन्नास पावलं मागं. हिराच होती.

एक म्हातारी माझ्या शेजारी थांबून धापा टाकत म्हणाली, "ही गवंड्याची पोर आल्यापासनं आमाला पयला नंबर म्हायतीच न्हाई बघा. काय पळतीया रांड!"

हिरानं मला बघितलं, घागरी भरून खाली ठेवल्या आणि तिथंच पाया पडली. मी मधे काही लपवलं नाही. गोल मोठा होता, चूक माझी होती, सगळं सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "मग खरं किती सर?"

"दोन तेवीस."

"म्हंजे बसत हुते."

"व्हय. कवाच बसत हुतीस."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मी म्हणालो, "हिरा, शिव्या दे मला." तर म्हणाली, "तुमास्नी शिव्या देऊन काय हुनार सर?" आणि घागर डोक्यावर घेताना म्हणाली, "अण्णास्नी तेवढं सांगू नका. ते जिवाला लावून घेतील."

मी शब्द दिला.

सर्टिफिकेट? मिळालं की! नाही कशाला मिळतंय? ग्रेवालसाहेबांनी बोलावून सांगितलं, "मार्किंग में फेल. लेकिन ऐसी सच्ची नोटबुक मैंने नहीं देखी." पहिली पायरी पास. दुसऱ्या पायरीला मी कधी गेलोच नाही. पण नंतर जेवढी शिबिरं झाली तेवढ्यांत पहिल्या दिवशी साहेब मला मुद्दाम बोलावायचे, मैदानावर चालायला लावायचे आणि मागनं टेपनं मोजून दाखवायचे. पोरं खदाखदा हसायची. मी एकदाही नाही म्हटलं नाही. एवढं तर देणं होतं.

पण खरी शिक्षा अण्णा देतो मला. त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नाही. परवाच बाजारात गाठ पडली. हाताला धरून हॉटेलात नेलं, भजी मागवली आणि सोबतच्या पाव्हण्याला म्हणाला, "ह्ये आमचं हवालदार. आख्ख्या तालुक्यात असा खरा माणूस घावायचा न्हाई. हेडमास्तर खोटं लिवा म्हणत हुता, तरी ह्यांनी माझ्या पोरीला तोंडावर नापास केलं! आता धाकटीचं बी ह्यास्नीच इचारणार हाय मी."

पाव्हण्यानं उठून मला नमस्कार केला.

आणि मी? मी तो घेतला!