अकरा जळाऊ झाडं

हसनभाऊ बागवानांची हकीकत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. घरात कुणी लोणावळ्याचं नाव काढलं की मी तिथल्या धुक्याचं काहीतरी बोलायचो आणि उठून जायचो. बायको विचारायची, "तिथे तुमचं काही हरवलंय का?" ती गेली, तिला सांगायचंही राहिलं. आता माझं वय ऐंशीच्या पुढे आहे. ज्यांना मी तोंडघशी पाडलं, त्यांना ओळखणारं बहुधा कुणी उरलेलं नाही. म्हणून तरी लिहून ठेवतो.

लोणावळ्याच्या पुढे, जिथे जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण दिसतं, त्या कड्याजवळ गोसाव्यांचा एक जुना मठ होता. मी इंदुरीचा. मोजणीच्या कचेरीत उमेदवारीवर कारकून होतो, वय तेवीस. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. मठाचे शेवटचे महंत वारले होते आणि त्यांचा पुण्यात राहणारा चेला ती जागा मुंबईच्या एका शेटला बंगल्यासाठी विकायला निघाला होता. विक्रीआधी बागेतल्या झाडांची यादी करायला मला पाठवलं होतं.

फाटकातून आत गेलो, तर लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेला, पांढऱ्या दाढीचा एक माणूस कमरेवर हात ठेवून एका झाडाला दटावत होता.

"काल दोन घागरी पानी दिलं, तरी तोंड पाडून उभं! आता काय पालखीत घालून फिरवू का तुमाला, म्हाराज?"

मी खाकरलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "आदी व्हाना भाईर काढा," म्हणाले, "मंग काय ते बोला."

मला वाटलं, एकटं राहून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. दुपारपर्यंत मी त्यांना आणखी दहा झाडांशी बोलताना ऐकलं. सगळ्यांना 'म्हाराज'. बाकीच्या आंब्याफणसांना मात्र चक्क अरेतुरे.

ते काम दोन दिवसांचं होतं, मी आठ दिवस लावले. कारण हे मठाचे माळी, हसनभाऊ. मी टेप धरायचो, ते दुसरं टोक धरायचे आणि तोंड सुरू. माझ्या मिशा धड फुटल्या नव्हत्या, तरी ते मला रावसाहेब म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती नि मान किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी झाडाचा घेर चुकीचा वाचला की म्हणायचे, "रावसाहेब, झाड मोजताय का पोटाला पट्टा बांधताय?"

मठाची कथा मला त्यांनीच सांगितली. मूळ मठ खाली कोकणात, समुद्रकाठी होता. समुद्र दर वर्षी थोडा थोडा आत यायचा. आधी बाग गेली, मग विहीर खारी झाली, मग एका पावसाळ्यात मठाची भिंत पडली. गोसावी उठले आणि बैलांवर रोपं लादून घाट चढून वर आले. मुळं नारळाच्या ओल्या सोडणांत गुंडाळलेली. त्यांच्याबरोबर त्यांचा माळी होता, तो हसनभाऊंचा पूर्वज.

"नारळ हितं जगलं न्हाईत," हसनभाऊ म्हणाले. "पर सुरंगी जगली, उंडी जगली, बकुळ जगली. लोक म्हनायचे, दर्याकाठचं झाड डोंगरावर कसं ऱ्हाईल? माझा बाप म्हनायचा, झाडाला दर्या लागत न्हाई, माणूस लागतो."

स्वतः हसनभाऊंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. तरी वर्षातून एकदा मूठभर खडेमीठ आणून ते उंडीच्या बुंध्याशी टाकायचे. मी विचारलं, "याने झाड वाढतं?" ते म्हणाले, "वाढत न्हाई. घरची याद ऱ्हाती."

सहाव्या दिवशी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. यादीत मी सुरंगी, बकुळ, उंडी अशी नावं लिहीत होतो. ते शेजारी येऊन उभे राहिले.

"रावसाहेब, ही झाडं न्हाईत."

"मग?"

"माणसं हायेत."

त्या मठात महंत गादीवर बसला की आपल्या हाताने एक बी कुंडीत लावायचा. जन्मभर त्याला स्वतः पाणी घालायचा, दुसऱ्या कुणी घालायचं नाही. महंत वारला की त्याला बागेत बसवून पुरायचं, भोवती मीठ भरायचं आणि वर त्याचं ते कुंडीतलं झाड लावायचं. दगड नाही, चौथरा नाही, पादुका नाहीत. एकदा समुद्राने दगड गिळलेले त्यांनी पाहिले होते. दगडावरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला असावा. कुठल्या झाडाखाली कोण, हे फक्त माळ्याने लक्षात ठेवायचं आणि आपल्या मुलाला सांगायचं.

मग त्यांनी मला एकेका झाडापाशी नेलं आणि ओळख करून दिली, जसं लग्नात आपण पाहुण्यांची करून देतो. "ह्ये पयले. ह्यांनीच समद्यांना घाट चढवला. ह्ये तिसरे, लय बोलायचे म्हनं. पानं बगा, वारा नसला तरी वाजत्यात. ह्ये सातवे. रागीट. माझ्या आज्याला एकदा खुरपं फेकून मारलंवतं. तरी आजा ह्यांना पानी जरा जादाच घालायचा, भ्या वाटायचं म्हनून." शेवटची सुरंगी लहान होती. तिच्याजवळ ते थोडे थांबले. "ह्ये अकरावे. ह्यांना म्या हातानं माती दिली."

"मला का सांगता हे?" मी विचारलं.

"माझं पोरगं रेल्वेत हाय, इंजनाच्या शेडात. त्याला झाडांची गोडी न्हाई. म्हनतो, अब्बा, मेलेल्यांना पानी घालून काय मिळतंय? आता कुनाला सांगू? तुमी लिवणारं माणूस. तुमच्यापाशी ऱ्हाईल."

मी त्यांना शब्द दिला. "राहील," म्हणालो.

कचेरीचा छापील तक्ता होता. त्यात तीनच रकाने: फळझाडे, इमारती, जळाऊ. कडेला शेऱ्यासाठी जागा. सुरंगीला फळ नाही म्हणण्यासारखं, बकुळीचं लाकूड कुणी बंगल्याला वापरणार नाही. शनिवारी यादी द्यायची होती. समाधीचा शेरा लिहिला असता तर हेडक्लार्क पुरावा मागणार, परत पाठवणार. माझी उमेदवारी त्याच महिन्यात संपत होती. मी अकरा महंतांना जळाऊच्या रकान्यात घातलं आणि शेऱ्याची जागा कोरी ठेवली. पुढे संधी मिळाली की सांगू, असं मनाला समजावलं.

हसनभाऊ स्वस्थ बसले नव्हते. मठाच्या जुन्या सनदेत लिहिलं होतं की ज्या आवारात समाध्या असतील ते विकू नये. शेवटच्या महंतांनी त्यांना ते वाचून दाखवलं होतं. त्यांनी मुलाच्या हाताने अर्ज लिहवला. पंधरा दिवसांनी आमच्या कचेरीचा साहेब चौकशीला आला. चेला आला, शेटचा मुकादम आला, आणि यादी घेऊन मी.

हसनभाऊ स्वच्छ कुर्ता घालून उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

मुकादम मोठ्याने म्हणाला, "गोसाव्यांची एवढी काळजी बागवानाला? चेल्याला न्हाई ती?"

हसनभाऊ म्हणाले, "चेला पुन्यात व्हता. माती लोटायला मी व्हतो."

चेला खाली बघायला लागला. साहेब भला माणूस होता. त्याने विचारलं, "इथे एकही दगड नाही. समाध्या आहेत हे ठरवायचं कसं? एका ठिकाणी खणून पाहू. काही निघालं तर तुमचं म्हणणं खरं."

हसनभाऊंनी हो म्हणायचा अवकाश होता. अकराव्या महंतांना जाऊन दोन वर्षंच झाली होती.

"न्हाई साहेब," हसनभाऊ म्हणाले. "त्यांनी मला राखायला ठिवलंय. मीच उकरून दावलं, तर मंग राखलं काय?"

"मग पुरावा कुठला?"

"हे रावसाहेब हायेत की! ह्यांना समदे दावलेत, पयल्यापासनं अकराव्यापत्तर. सरकारी माणूस हाय, खोटं कशाला बोलतील?"

साहेबाने माझी यादी उघडली. जळाऊच्या रकान्यावर बोट ठेवलं. "यादी तुमचीच ना? यात तर समाधीचा उल्लेख नाही. याने तुम्हाला समाध्या दाखवल्या होत्या का?"

हो म्हटलं असतं, तर यादी चुकीची दिली हे कबूल करावं लागलं असतं. उमेदवारी संपायला आठ दिवस होते. घरी माझं लग्न ठरलं होतं. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं, आणि किती पटकन मोजलं याची मला आजही लाज वाटते.

"याने मला झाडं दाखवली, साहेब," मी म्हणालो. "समाध्या दाखवल्या नाहीत."

आठ दिवस मी त्यांना हसनभाऊ म्हणत होतो. साहेबासमोर ते 'याने' झाले.

मुकादम हसला. साहेबाने कागदावर दोन ओळी लिहिल्या. हसनभाऊ माझ्याकडे बघत राहिले. ते ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. ते जवळ आले आणि मला एकट्याला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या, रावसाहेब. म्हाराजांनी तुमचं काय वाईट केलतं?"

पावसाळा सरल्यावर झाडं तोडली. पाया खणताना मजुरांना मांडी घातलेला सांगाडा लागला, गळ्यात रुद्राक्षांची माळ. मुकादमाने ती जागा त्याच दिवशी बुजवून घेतली. मला हे एका गवंड्याने सांगितलं. त्या दिवशीही साहेबाकडे जाता आलं असतं. मी गेलो नाही. तोवर माझी नोकरी पक्की झाली होती.

वर्षाने मी लोणावळ्याला हसनभाऊंच्या मुलाच्या रेल्वेच्या खोलीवर गेलो. त्याआधी दोनदा चाळीपर्यंत जाऊन परतलो होतो. दाराबाहेर कोळशाची राख पसरलेली, कुठे हिरवं पान नाही. शेजारणीच्या दारात डब्यात मिरची लावलेली होती, यांच्या दारात तेही नाही. मुलगा म्हणाला, "अब्बा आता काय लावत न्हाईत. म्या तुळशीचं रोप आणलंवतं, म्हनलं हात रमंल. शेजारी देऊन टाकलं."

हसनभाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या रावसाहेब. बसा. नोकरी कायम झाली न्हवं?"

"झाली."

"लगीन?"

"तेही झालं."

"बरं झालं," म्हणाले. "पोरा, च्या ठेव. रावसाहेब लांबनं आलेत."

त्यात टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. दारात आलेल्याची विचारपूस करायची, तेवढी त्यांनी केली. आठ दिवसांत माझी जितकी थट्टा त्यांनी केली होती, त्यातली एकही त्या दिवशी केली नाही. मी इंदुरीच्या पाण्यापावसाचं काहीतरी बोललो. ते "व्हय," "व्हय," म्हणत राहिले. जे बोलायला गेलो होतो ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. चहा संपला, कपबशी खाली ठेवली, आणि मी उठलो.

"येतो," म्हणालो.

"या," म्हणाले. पुन्हा या असं म्हणाले नाहीत.

त्याच हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. मी मातीला गेलो नाही. त्यांच्या मुलासमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही.

घोकलेलं मात्र अजून पाठ आहे. ते असं होतं: हसनभाऊ, तुम्ही मला समाध्या दाखवल्या होत्या, पहिल्यापासून अकराव्यापर्यंत. मला सगळं माहीत होतं. मी माझ्या नोकरीसाठी खोटं बोललो. महाराजांनी माझं काहीच वाईट केलं नव्हतं, आणि तुम्हीही नाही. मला माफ करा.